सीताबर्डीचे अठरा तास, आणि कामठी

कामठीची छावणी १८२१ साली वसली. कन्हान नदीच्या काठी, नागपूरपासून जेमतेम पाच कोसांवर. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे, एनसीसीच्या अधिकाऱ्यांची अकादमी आहे, आणि गोराबाजार हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. पण भोसल्यांच्या राजधानीच्या इतक्या जवळ परक्या फौजेने कायमचे घर का केले, याचे उत्तर शोधायला कामठीहून मागे, नागपूरच्या सीताबर्डीला यावे लागते. तिथल्या दोन टेकड्यांवर २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सहाला गोळीबार सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपला. त्या अठरा तासांत नागपूरचे राज्य हातचे गेले.

या लढाईत जिवावर उदार होऊन लढलेले बहुतेक जण नागपूरचे नव्हतेच. भोसल्यांच्या बाजूने पुढे होते ते अरब, समुद्र ओलांडून चाकरीला आलेले. समोर मद्रासच्या पलटणींचे तेलुगू-तमिळ शिपाई आणि बंगालच्या रिसाल्याचे उत्तर हिंदुस्थानी स्वार. त्यांच्यावर इंग्रज अधिकारी. त्यांतले अनेक पंधरा-सोळाव्या वर्षी कॅडेट म्हणून घर सोडून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढलेले. यांपैकी कुणाला बळजबरीने धरून आणले नव्हते. पगार, नशीब, नाव, जे काही मिळेल त्यासाठी सगळे आपल्या पायांनी आले होते. आणि ज्याच्या राज्याचा हा सौदा होता तो राजा, मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब भोसले, स्वतः एकवीस वर्षांचा होता.

हे तास एकापुढे एक मांडले की एकच गोष्ट ठळक होत जाते. ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांनी तो घेतला नाही, आणि ज्यांना कुणी काही विचारले नव्हते त्या परमुलखातल्या पोरांनी त्याची किंमत मोजली.

मार्च १८१६ ते ऑक्टोबर १८१७

दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारले. त्यांनी हयातभर कंपनीची तैनाती फौज दारात येऊ दिली नव्हती. मुलगा परसोजी आंधळा आणि आजारी; कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबाकडे आला. दरबारातल्या विरोधकांना दाबायला त्याला पाठबळ हवे होते, आणि ते देणारा कंपनीचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स शेजारीच बसलेला होता. मे १८१६ मध्ये अप्पासाहेबाने तैनाती फौजेच्या तहावर सही केली. वर्षाला साडेसात लाख रुपये खर्च मान्य करून त्याने परकी पलटण स्वतःच बोलावून घेतली.

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. अप्पासाहेब तेव्हा चांद्याला होता. हा खून त्याच्याच सांगण्यावरून झाला, असा आरोप इंग्रजांनी पुढे त्याच्यावर ठेवला. गादी मिळाली, आणि जो तह गादीची शिडी ठरला होता तोच आता गळ्याला काचू लागला. पुण्याच्या पेशव्याशी, बाजीरावाशी, गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला.

५ नोव्हेंबर १८१७

खडकीला पेशव्यांची फौज इंग्रजांवर चालून गेली आणि मागे हटली. पुण्याची संगमावरची रेसिडेन्सी जळाली. ही बातमी नागपुरात पोचली तेव्हा दोन्ही बाजूंना कळून चुकले की आता आपली पाळी. इंग्रजांना मदतीचे हाकारे धाडायला वेळ मिळाला. अप्पासाहेबालाही वेळ मिळाला. त्याने तो दोन मतांच्या दरबारात घालवला. एक गट म्हणे लढा, दुसरा म्हणे सांभाळून घ्या, आणि राजा दोघांनाही होकार देत राहिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे आणि जरीपटका अप्पासाहेबाने उघड दरबारात स्वीकारला. इंग्रजांशी लढत असलेल्या पेशव्याचा मान असा चारचौघांत घेणे म्हणजे युद्धाला होकार देणेच. जेंकिन्सला सोहळ्याचे निमंत्रण होते. त्याने जायला नकार दिला आणि निषेध कळवला.

एवढे झाल्यावर त्याच रात्री हल्ला झाला असता, तर इंग्रजांची पलटण तेलंगखेडीच्या छावणीत, रेसिडेन्सीपासून लांब, उघड्यावर सापडली असती. हल्ला झाला नाही.

२५ नोव्हेंबर, सकाळ

शहर आणि रेसिडेन्सी यांच्यातली ये-जा बंद झाली. जेंकिन्सने तेलंगखेडीहून सगळी फौज सीताबर्डीला बोलावून घेतली. लेफ्टनंट कर्नल हॉपटन स्कॉटच्या हाताखाली मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या पलटणीची माणसे, रेसिडेंटचे पहारेकरी, बंगालच्या ६ व्या रिसाल्याच्या तीन तुकड्या आणि चार लहान तोफा. आजारपणाने दोन्ही पलटणी पोखरलेल्या. सगळी मिळून चौदाशेच्या आसपास माणसे. शिपायांच्या बायकामुलांनाही सोबत आणावे लागले. पलटण त्या काळी संसारासकट फिरत असे.

२६ नोव्हेंबर, दिवसभर

सीताबर्डीला तेव्हा किल्ला नव्हता. आज आपण ज्याला सीताबर्डीचा किल्ला म्हणतो तो या लढाईनंतर बांधला गेला. त्या दिवशी होत्या फक्त दोन टेकड्या: दक्षिणेची मोठी, उत्तरेची लहान, आणि मध्ये अरुंद खिंडीसारखी जोडपट्टी. लहान टेकडी सखल, आणि वस्तीची घरे तिच्या पायथ्याला भिडलेली. ती पडली की मोठी टेकडी तोफेच्या टप्प्यात आली, हे स्कॉटला दिसत होते. म्हणून २४ व्या पलटणीचे सुमारे तीनशे शिपाई त्याने तिथे चढवले.

खडक इतका वर की खंदक खणणे शक्य नव्हते. दगड आणि पोती रचून जो आडोसा होईल तेवढाच. पश्चिमेच्या सपाटीवर, रेसिडेन्सीच्या आवारात, कॅप्टन चार्ल्स फिट्झजेराल्डचे स्वार घोड्यांसकट थांबले.

समोर दिवसभर फौज गोळा होत राहिली. बहुतेक इतिहासकार ती अठरा हजारांच्या घरात धरतात. सोबत पस्तीस-छत्तीस तोफा, मोठा भाग घोडदळाचा, आणि तीन ते चार हजार अरब. हे अरब मुख्यतः हद्रमौत आणि येमेनच्या बाजूचे. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून उतरून बडोदे, पुणे, हैदराबाद, नागपूर अशा दरबारांत ते चाकरी धरत. देशी शिपायापेक्षा पगार जास्त, शब्दाला पक्के, आणि थकबाकीसाठी खुद्द धन्यालाच अडवून बसण्याइतके कडवे. भाऊबंद एकत्र येत, आपल्याच जमादाराच्या हाताखाली राहत. त्यांच्यातल्या तरुण पोराला नागपूर म्हणजे जमादार, महिन्याचा पगार आणि कमरेची जंबिया नावाची कट्यार. तहाची कलमे, पेशव्याची वस्त्रे, परसोजीचा मृत्यू, यांतल्या कशाशी त्याला काय देणेघेणे होते?

दुपारपर्यंत हे अरब सीताबर्डीच्या वस्तीतल्या घरांत जाऊन बसले.

संध्याकाळी ६

अप्पासाहेबाचे कारभारी बोलणी करायला रेसिडेन्सीत आलेले होते. बोलणे चालू असतानाच लहान टेकडीवर गोळीबार सुरू झाला.

पुढे अप्पासाहेबाने सांगितले की अरबांनी आपल्या हुकुमावाचून सुरुवात केली. ते खरे असेल तर राजा आपल्या फौजेचा धनी नव्हता. खोटे असेल तर त्याने बोलणी करणाऱ्या स्वतःच्याच माणसांना तोंडघशी पाडले. एकाच घटकेला तह आणि लढाई अशी दोन्ही दारे उघडी ठेवल्यावर यापेक्षा वेगळे काही होणार नव्हते.

रात्री ८ ते २

रात्रीची ही लढाई मुख्यतः लहान टेकडीवरची. अरबांकडे लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका. अशी बंदूक उडवायची तर दोरीचा तोडा सतत पेटता ठेवावा लागतो, त्यामुळे अंधारात प्रत्येक माणसाची जागा एका लाल ठिपक्याने कळते. शिपायांकडे चकमकीच्या बंदुका. बार उडाला की क्षणभर भगभगीत उजेड, आणि त्या उजेडात बार उडवणाऱ्याचा चेहरा समोरच्याला दिसतो. वीस-पंचवीस हातांवरून दोन्ही बाजूंची माणसे अशा ठिपक्यांवर आणि चेहऱ्यांवर नेम धरत होती. अरब घरांच्या आडून चढत, मागे रेटले जात, पुन्हा चढत.

टेकडीवरचा कॅप्टन सॅडलर ठार झाला. त्याची जागा घेणारा कॅप्टन चार्ल्सवर्थ जखमी झाला. हुकूम वरच्याकडून खालच्याकडे सरकत गेला, आणि दर सरकण्यासरशी हुकूम देणाऱ्याचे वय कमी होत गेले.

शहरात हत्यारबंद हजारो माणसे उभी होती. भोसल्यांचे घोडदळ त्या रात्री टेकड्यांच्या पश्चिमेकडून रेसिडेन्सीवर उतरले असते तर काय झाले असते, हा प्रश्न सैनिकी इतिहास वाचणाऱ्या कुणालाही पडतो. ते उतरले नाही. त्याला उतरवणारा कुणी नव्हता.

पहाटे २ ते ५

मारा मंदावला. पाचच्या सुमाराला स्कॉटने लहान टेकडीवरची थकलेली माणसे खाली घेतली आणि ताजी तुकडी वर पाठवली. रात्रभर लढलेल्यांची दारू संपत आली होती, आणि दिवस उजाडल्यावर पूर्ण फौज समोर दिसणार होती.

२७ नोव्हेंबर, सकाळी ६ ते ९

उजाडले. घोडदळ मैदानभर पसरलेले होते, तोफा रात्रीत पुढे आलेल्या होत्या. अर्धवर्तुळात वेढा पडला होता. तोफांचा मारा वाढत गेला.

या सकाळी टेकडीवर फक्त शिपाईच नव्हते. रेसिडेंटचा पहिला सहायक जॉर्ज सॉथबी मुलकी नोकर होता. इंग्लंडातल्या विल्यम सॉथबी या कवीचा मुलगा. लढणे त्याचे काम नव्हते. तरीही तो गोळीबारात उभा राहिला आणि ठार झाला. पलटणीचा डॉक्टर नेव्हनही मारला गेला. लंडनमधल्या साहित्यिक घरातला मुलगा आणि हद्रमौतच्या खेड्यातला मुलगा, दोघांचा शेवट एकाच सकाळी, एकाच टेकडीच्या आसपास झाला. दोघांपैकी एकाच्याही गावात सीताबर्डी हे नाव त्याआधी कुणी ऐकले नसेल.

सकाळी ९

लहान टेकडीवर स्फोटाने गोंधळ उडाला आणि त्या क्षणी अरब वर आले. टेकडी पडली. तिच्यावरची तोफ त्यांनी मोठ्या टेकडीकडे वळवली.

हा त्या अठरा तासांतला सगळ्यात अवघड क्षण. तोफेचे गोळे आता स्कॉटच्या मुख्य फळीत पडत होते. शिपायांच्या झोपड्यांकडून बायकामुलांच्या किंकाळ्या वर ऐकू येत होत्या, आणि त्या ऐकून पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाचेही लक्ष मागे जात होते. भोसल्यांचे घोडदळ या क्षणी पुढे आले असते तर जेंकिन्सला पळायला वाट उरली नसती.

पण अरबांच्या मागे कुणी आले नाही. जी टेकडी त्यांनी पंधरा तास लढून घेतली तिच्यावर ते एकटेच उभे राहिले.

सकाळी ९ ते १० च्या पुढे

फिट्झजेराल्ड चढाईची परवानगी मागत होता आणि स्कॉट नाकारत होता. हातातले शेवटचे घोडदळ गमावून चालणार नव्हते. अखेर निरोप आला की जायचे तर स्वतःच्या जबाबदारीवर जा. फिट्झजेराल्डने जबाबदारी घेतली.

त्याचे स्वार तीनशेही नव्हते. नाला ओलांडून ते थेट समोरच्या घोडदळाच्या मध्यावर गेले, फळी फोडली, दोन तोफा घेतल्या आणि त्याच तोफा उलट्या फिरवल्या. वर टेकडीवर हे दिसत होते. पलटणीने आरोळी ठोकली. त्याच सुमाराला लहान टेकडीवर अरबांच्या मध्ये दारूगोळ्याचा स्फोट झाला. कॅप्टन लॉइड आणि लेफ्टनंट ग्रँट संगिनी घेऊन जोडपट्टीवरून धावले. टेकडी परत हातात आली. ग्रँट तीनदा जखमी झाला. तिसरी जखम जिवावर बेतली.

सकाळी ११ ते दुपारी १२

अरब पायथ्याला पुन्हा जमत होते. आणखी एक हल्ला आला असता तर पलटणीला तो झेपला असता असे वाटत नाही. तेव्हा कॉर्नेट स्मिथ रिसाल्याची एक तुकडी घेऊन टेकडीला वळसा घालून त्यांच्या बगलेवर आला.

कॉर्नेट म्हणजे घोडदळातला सगळ्यात खालचा अधिकारी, शिकाऊ वयाचा. एरवी त्याच्या वाट्याला घोड्यांची निगा, पहारे आणि वरच्याचे हुकूम पोचवणे. त्या सकाळी त्याच्या पोरवयाची तासाभरात सांगता झाली. त्याच्यासमोर जे होते तेही बहुधा त्याच्याच वयाचे. घोड्यावरून तलवार चालवणाऱ्याला आणि पायी लढत जंबिया उपसणाऱ्याला एकमेकांविरुद्ध काय तक्रार होती, हे दोघांपैकी एकालाही सांगता आले नसते.

बाराच्या सुमाराला मैदान रिकामे झाले. इंग्रजांकडचे ३६७ जण ठार किंवा जखमी झाले होते, म्हणजे दर चौघांमागे एक. त्यांत देशी शिपायांचाच आकडा मोठा.

२७ नोव्हेंबर, दुपारनंतर

अप्पासाहेबाने वकील पाठवून दिलगिरी कळवली. जेंकिन्सने फौज मागे घ्यायला लावली आणि पुढचे बोलणे लांबणीवर टाकले. त्याला फक्त वेळ हवा होता. कर्नल गहान २९ नोव्हेंबरला आला, ५ डिसेंबरला मेजर पिटमन, १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन. ५ नोव्हेंबरनंतर जो वेळ नागपूरने वाया घालवला होता, तोच आता इंग्रजांनी कारणी लावला.

१५ डिसेंबर, सकाळ

शेवटच्या अटी आल्या. फौज मोडायची, तोफा द्यायच्या, राजाने रेसिडेन्सीत येऊन राहायचे. उत्तराची मुदत १६ डिसेंबरच्या पहाटे ४ पर्यंत.

१६ डिसेंबर, पहाटे ४ ते दुपार

मुदत टळली. सकाळी नऊच्या सुमाराला अप्पासाहेब घोड्यावर बसून रेसिडेन्सीत आला. राजा शत्रूच्या घरात आणि फौज बाहेर, लढायचे की शस्त्रे ठेवायची हा हुकूम न मिळालेली. तोफखान्यातल्या तोफा डव्हटनने बिनविरोध घेतल्या. पण पुढे सक्करदऱ्याच्या बाजूला मनभट आणि इतर सरदारांच्या फौजेने तोफा डागल्या. दुपारपर्यंत तीही लढाई संपली. राजा आधीच शरण गेलेला असताना त्याच्या नावावर मेलेली ही माणसे.

२४ ते ३० डिसेंबर

अरब मात्र शरण गेले नाहीत. हिंदुस्थानी शिपायांसह ते शहरात शिरले आणि महालच्या तटाआड लढत राहिले. ज्या जुम्मा दरवाज्याला आज आपण गांधी गेट म्हणतो, तिथे २४ डिसेंबरला इंग्रजांनी हल्ला चढवला. त्यात रॉयल स्कॉट्सचे गोरे सैनिकही होते. हल्ला फसला.

३० डिसेंबरला अरब बोलणी करून बाहेर पडले, हत्यारे आणि बायकामुले घेऊन. राजा नव्हता, राज्य हातचे गेले होते, आणि राजधानी सोडणारे शेवटचे लढवय्ये परदेशी होते. त्यांच्या निष्ठेला पगारी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण पगार देणारा दोन आठवड्यांपूर्वीच समोरच्या गोटात जाऊन बसला होता, हे लक्षात घेतले की हिणवायला जीभ उचलत नाही.

त्यानंतर

मार्च १८१८ मध्ये अप्पासाहेबाला कैद झाली. अलाहाबादकडे नेत असताना १३ मे १८१८ च्या रात्री पहाऱ्यावरच्या शिपायांना फितवून, शिपायाचाच वेश घालून तो निसटला. पचमढीच्या डोंगरात गोंडांनी त्याला आसरा दिला. तिथे आणि पुढच्या वणवणीत त्याने धैर्य दाखवले, असे म्हणायला जागा आहे. पण जे धैर्य नोव्हेंबरच्या एका रात्रीत लागणार होते ते आता उपयोगाचे नव्हते. १८४० साली जोधपुरात तो वारला.

नागपूरच्या गादीवर अल्पवयीन तिसरा रघूजी बसला आणि कारभार जेंकिन्सकडे गेला. सीताबर्डीवर किल्ला बांधला गेला. शहरावर नजर ठेवायला तेवढे पुरे होते, पण फौजेला जागा, पाणी आणि लांबचे रस्ते हवे होते. म्हणून १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठी. दरबार नागपुरात भरत राहिला. त्याच्या प्रत्येक निर्णयावर मात्र पाच कोसांवरच्या फौजेची सावली होती. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले, तेव्हा लढाई झाली नाही. लढाई १८१७ मध्येच झाली होती. १८५४ ला फक्त कागद झाला.

सीताबर्डीची गोष्ट आपण एक तर इंग्रजांच्या शौर्याची म्हणून वाचतो, नाही तर फितुरीची म्हणून. दोन्ही वाचनांत तो अरब पोरगा नाही, २४ व्या पलटणीचा तेलुगू शिपाई नाही, झोपडीत मुलांना कवटाळून बसलेली त्याची बायको नाही. इंग्रज अधिकाऱ्यांची नावे तरी कागदोपत्री उरली. लहान टेकडी सर करणाऱ्या एकाही अरबाचे नाव नागपूरच्या कोणत्या चौकाला, गल्लीला नाही. ज्या शहरासाठी ते राजापेक्षा जास्त दिवस लढले, त्याने त्यांची एवढी तरी नोंद ठेवायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

आणि कामठीत आजही तरुण मुले शपथ घेऊन रायफल हातात घेतात. ती आपल्या देशाची मुले आहेत, आपल्या संविधानाची फौज आहे. १८१७ ची आणि आजची तुलना होत नाही. तरीही सीताबर्डीचा एक धडा त्यांच्याहून जास्त आपल्यासाठी आहे. तरुण माणूस जीव द्यायला तयार होतो, कारण त्याने वरच्यावर विश्वास टाकलेला असतो. लढायचे की नाही हे ज्यांनी ठरवायचे, त्यांनी ते वेळेवर, उघडपणे आणि स्वतःच्या जबाबदारीवर ठरवले पाहिजे. अप्पासाहेबाला ते जमले नाही. त्याला एकवीस वर्षांचा पोर म्हणून माफ करावेसे वाटते, पण त्या रात्री टेकडीवर चढलेले, त्याच्याच वयाचे किंवा त्याहून लहान असलेले, ते काम टाळू शकले नव्हते.